कुंडलिक शेजवळ विजयी

कोपर, डोंबिवली पश्चिम
१७ नोव्हेंबर

प्रिय ताई,
सप्रेम जयभीम.

तुमच्या सोसायटीतला भगवान मानपाड्याच्या कंपनीत माल उतरवून परत निघालाय. टेम्पो आमच्या बिल्डिंगखाली लावलाय, त्याला चहा दिलाय. तो पिऊन होईपर्यंत जेवढं लिहून होईल तेवढं. तुम्हाला फोनवर ऐकू येत नाही आणि मोबाईलवर बोटाने लिहिणं मला कधी जमलं नाही, त्यामुळे आपली ही जुनीच पद्धत बरी.

उद्या संध्याकाळी प्रचार थांबेल. घरात पाय ठेवायला जागा नाही. हॉलमध्ये पत्रकांचे गठ्ठे, गॅलरीत झेंडे, बेडरूममध्ये देवरामभाऊंची मीटिंग. देवरामभाऊ तुम्हाला आठवत असतील, ह्यांच्याबरोबर कंपनीत होते, कंपनी बंद पडल्यापासून ह्यांच्या मागे सावलीसारखे असतात. प्रचाराचं सगळं तेच बघतात. मी फक्त भात टाकते आणि चहा गाळते.

पण ताई, या वेळी वेगळं वाटतंय. पहिल्यांदा आपलं डिपॉझिट गेलं, दुसऱ्यांदा थोडक्यात हुकलं. या वेळी लोक आपणहून दार उघडतात. मानपाड्याच्या मागच्या चाळींमध्ये ह्यांनी पाण्याची लाइन आणून दिली होती ना, तिथल्या बायकांनी काल ह्यांना ओवाळलं. एक म्हणाली, "आमदार झालात तरी आमच्याकडे पायीच यायचं हां, गाडी आत येत नाही." हे हसले नुसते. बोलायला आवाजच राहिला नाही.

एक लिहू नको म्हणाले होते, तरी लिहिते. छातीत जळजळतंय म्हणतात. ॲसिडिटीची गोळी घेतात, पाणी पितात, परत निघतात. मी म्हटलं डॉक्टरांना दाखवू. म्हणाले, "वीस तारीख जाऊ दे. आणि ताईला कळवू नकोस, ती बाळकुमवरून चालत येईल." तुम्हाला काही माहीत नाही असंच दाखवा.

हर्षितने ऑफिसातून सुट्टी टाकलीय, सारखा बापाबरोबर असतो. परवा दोघं रस्त्याने पुढे चाललेले, मी मागून हाक मारली "अहो", तर हर्षितने वळून बघितलं. खांदे, चाल, मान तिरकी करायची सवय, सगळं तेच. तोपण कसला हसला.

भगवान हॉर्न मारतोय.

तुमची
शालन

———

बाळकुम, ठाणे
१९ नोव्हेंबर

प्रिय शालन,
जयभीम.

पत्र वाचून मला राग आला, तो तुझ्यावर नाही. आमच्या दादांनाही शेवटच्या आठवड्यात जळजळतच होतं. तेही सोडा घेत होते. बाप गेला तेव्हा कुंडलिक लहान होता, त्याला ते आठवत नसेल, मला आठवतं. त्याला आजच्या आज डॉक्टरकडे ने. माझं नाव सांग. ताईने लिहिलंय आणि ती खरंच चालत येईल, असं सांग. निवडणूक पाच वर्षांनी पुन्हा येते.

तुला एक गोष्ट कधी सांगितली नसेल. मी नगरपालिकेच्या शाळेत शिकवायला लागले त्या वर्षी कुंडलिक माझ्याच वर्गात होता. वर्गाचा मॉनिटर निवडायचा होता, तर मी चिठ्ठ्या टाकून मतदान घेतलं. तो एका मताने हरला. घरी येताना मी विचारलं, तू कोणाला मत दिलंस? म्हणाला, "सुधाकरला. स्वतःला कसं द्यायचं ताई? बरं दिसत नाही." सुधाकरनेही सुधाकरलाच दिलं होतं. उद्या त्याला माझा निरोप सांग, या वेळी मत स्वतःलाच द्यायचं.

तो निवडून आला तर मला अभिमानच आहे. आई दुसऱ्यांच्या घरची धुणी धुवायची तेव्हा तो माझ्या कडेवर असायचा. त्या पोराने विधानसभेत बसावं, हे माझ्याही मनात आहे. पण शालन, मला आधी भाऊ हवा आहे, आमदार नंतर.

भगवानच्या बायकोचं नाव अजून माहेरच्या, तुमच्या कोपरच्या यादीत आहे. उद्या तो तिला मतदानाला सोडायला येईल. त्याच्याकडे भाकरी आणि सुक्या बोंबलाची चटणी पाठवते. कुंडलिकला वाढ.

तुझी
ताई

———

कोपर
२० नोव्हेंबर, दुपार

प्रिय ताई,
जयभीम.

डबा मिळाला. भगवान दारात उभा आहे म्हणून दोनच ओळी लिहिते.

मतदान चांगलं चाललंय. ह्यांनी सकाळी सातलाच मत टाकलं. तुमचा निरोप सांगितला तेव्हा हसले. म्हणाले, "ताईला सांग, या वेळी सुधाकरला नाही दिलं."

आता आत झोपलेत. फार दमलेत. मी उठवत नाही.

रात्री या. महेंद्रला घेऊन या, एकट्या येऊ नका.

शालन

———

बाळकुम
२० नोव्हेंबर, दुपार

प्रिय शालन,

भगवान संध्याकाळी बायकोला आणायला पुन्हा तिकडे येणार आहे, त्याच्याकडे ही चिठ्ठी देते.

झोपला, ते फार बरं झालं. कोणी कितीही मोठा माणूस भेटायला आला तरी त्याला उठवू नकोस. देवरामला दाराबाहेर बसव. पंखा कमी कर आणि पायांवर चादर घाल. झोपेत त्याचे पाय गार पडतात, लहानपणापासूनचं आहे. मी रात्री उठून त्याचे तळवे चोळायची.

तू रात्री या म्हणतेस. निकालाला अजून तीन दिवस आहेत, मग आजच का, ते कळलं नाही. पण तू कधी उगाच बोलावत नाहीस. महेंद्रला सांगते. येऊ.

ताई

———

कोपर
२६ नोव्हेंबर

प्रिय ताई,
जयभीम.

तुम्ही अंत्ययात्रेनंतर माझ्याशी एक शब्द न बोलता गेलात. महेंद्र म्हणाला, "आईला धक्का बसलाय मामी." तसंच असेल. पण जाताना तुम्ही माझ्याकडे बघितलंत ते मला सारखं दिसतं, म्हणून लिहितेय.

तुम्ही गेल्यानंतरचं सांगते. तेवीस तारखेला निकाल लागला. सकाळपासून घरात बायका पांढऱ्या साड्यांत बसलेल्या, पुढे ह्यांचा फोटो, मेणबत्ती, भंतेजी वंदना म्हणत होते. दुपारी खाली एकदम गलका झाला. मला वाटलं भांडण. देवरामभाऊ वर आले, त्यांच्या केसांत गुलाल. दारातच बसले आणि रडत म्हणाले, "वहिनी, साहेब निवडून आले." खाली पोरांनी फटाके लावले. कोणीतरी ओरडलं, अरे दुखवटा आहे घरात, तर थांबले. मग कुणीतरी रडायला लागलं, मग परत एक माळ लागली. गुलाल जिन्यावरून वरपर्यंत आला. ह्यांच्या फोटोवरसुद्धा उडालेला. टीव्हीवर खाली पट्टी फिरत होती, कुंडलिक शेजवळ विजयी. कोणालाच टीव्ही बंद करवेना.

विजयाचं सर्टिफिकेट देवरामभाऊंनी घेतलं. फोटोसमोर ठेवलंय. आता जागा रिकामी झाली असं जाहीर होईल आणि काही महिन्यांत पोटनिवडणूक लागेल म्हणतात.

लोक भेटायला येतच आहेत. आणि ताई, प्रत्येकजण एकच सांगतो: शेवटच्या दिवशी साहेबांना बघितलं. कोणी म्हणतं शाळेपाशी गाडीतून हात केला, कोणी म्हणतं पुलावर. "संध्याकाळी सातला गेले ना वहिनी, तर दुपारपर्यंत माणूस फिरत होता हो, आमच्यासाठी." मी मान हलवते.

काल खाडीकडच्या गावठाणातल्या बायजाबाई आल्या. आगरी आहेत, खूप म्हाताऱ्या, हे त्यांना आजी म्हणायचे. त्या म्हणाल्या, "मतदानाच्या दिशी दुपारी आयला. ओट्यावर बसला. पानी मांगला, पिला नि गेला. काय बोलला नाय. मना वाटला, दमला पोर." त्यांच्या आळीत गाडी जात नाही. मी म्हटलं, आजी, दुसरं कोणी असेल. तर रागावल्या. "मी काय आंधली हाय?"

त्या गेल्यापासून मला नीट बसवत नाही. तुम्ही या ना एकदा.

शालन

———

बाळकुम
३० नोव्हेंबर

प्रिय शालन,

मला धक्का बसला होता, हे खरं. पण मी न बोलता निघून गेले त्याचं कारण वेगळं आहे. बोलले असते तर सगळ्यांसमोर बोलले असते.

तुम्ही सगळ्यांनी मला सांगितलं, कुंडलिक संध्याकाळी सातला गेला. आम्ही पोहोचलो तेव्हा फार वेळ झालेला नव्हता. मी त्याच्या पायांना हात लावला. शालन, आमची आई माझ्या मांडीवर गेली. दादांना मीच आंघोळ घातली. नुकत्याच गेलेल्या माणसाचे पाय कसे लागतात ते मला कोणी शिकवायला नको. कुंडलिकचे पाय लाकूड झाले होते. बोटं वाकत नव्हती. मी तळवे चोळून पाहिले, सवयीने.

मग मला तुझी दुपारची चिठ्ठी आठवली. "आत झोपलेत." आणि त्यावर मी काय लिहिलं होतं तेही आठवलं. पंखा कमी कर. चादर घाल. माझं ते पत्र तू कुठे बसून वाचलंस?

देवरामने काय ठरवलं, पक्षाने काय ठरवलं, यात मला रस नाही. लोकांना फसवलंत, ते तुमचं तुम्ही बघा. मला एवढंच सांग: तो किती वाजता गेला? डॉक्टर कधी आला? आणि तुम्ही दार लावून घेतलंत तेव्हा तो नक्की गेलेला होता का?

ताई

———

कोपर
८ डिसेंबर

प्रिय ताई,

परवा सहा तारखेला चैत्यभूमीला गेले नाही. लग्नानंतर पहिल्यांदाच चुकलं. कोणत्या तोंडाने जाऊ?

तुमची चिठ्ठी मी त्यांच्या उशाशी बसून वाचली. वाचून खरंच उठले आणि पायांवर चादर घातली.

सगळं लिहिते. त्या सकाळी आम्ही तिघं सातला शाळेत गेलो. ह्यांनी आणि हर्षितने मत टाकलं, बाहेर फोटो काढले. माझं नाव दुसऱ्या केंद्रावर आलेलं, तिथे मोठी रांग होती. हे म्हणाले, "तू तुझं मत टाकून ये. मी जरा पडतो, मग मानपाड्याला निघायचंय." ह्यांचं माझ्याशी झालेलं शेवटचं बोलणं ते. सुधाकरचं ते वाक्य मीच रचून लिहिलं, तुमचं पत्र डब्याबरोबर आलं तेव्हा हे गेलेले होते. मी बायकांबरोबर रांगेत उभी राहिले, हसत होते, एकीच्या सुनेच्या गमती ऐकत होते. परत आले तर बेडरूमचं दार आतून लावलेलं. देवरामभाऊंनी उघडलं. हे पलंगावर सरळ झोपवलेले. हर्षित खिडकीकडे तोंड करून उभा. भाऊ म्हणाले, "वहिनी, साहेब गेले."

माझ्या तोंडून आवाज निघायच्या आत भाऊंनी माझे पाय धरले. तेही रडत होते ताई, खोटं नव्हतं ते. म्हणाले, "आता ओरडलात तर मिनिटात सगळीकडे होईल. मेलेल्याला कोण मत देतं? लोक घरी बसतील. वीस वर्षं हा माणूस दुसऱ्यांच्या नळासाठी फिरला. आज नाही तर कधीच नाही. एक दिवस, वहिनी. सहापर्यंत." मी म्हटलं, आधी डॉक्टर बोलवा. ते म्हणाले, "डॉक्टर आला की बातमी गेली. आणि आता येऊन तो काय करणार?"

मी हर्षितकडे बघितलं. वाटलं, हा तरी म्हणेल, काय चाललंय काय तुमचं. तो म्हणाला, "आई, भाऊ म्हणतायत तसं करू." डोळ्यांत टिपूस नाही. ह्यांचं जॅकेट खुंटीवर होतं ते अंगात चढवलं, गळ्यात निळा गमछा टाकला आणि खाली जाऊन गाडीत मागे बसला. दिवसभर काच जराशी खाली करून हात दाखवत फिरला. लोकांनी ह्यांना बघितलं म्हणतात ना, तो हर्षित होता. बाप आत पडलाय आणि पोरगा हात हलवतोय. मी नऊ महिने पोटात वाढवलेला मुलगा, मला ओळखू आला नाही.

पण हो मी म्हटलं. कोणी जबरदस्ती केली नाही. दोनदा हरल्यावर हे घरी येऊन भिंतीकडे तोंड करून कसे बसायचे, ते मी बघितलंय. मला वाटलं, एकदा तरी.

डॉक्टर संध्याकाळी आला. भाऊंच्या ओळखीचा. त्याने दाखल्यावर संध्याकाळची वेळ घातली.

दिवसभर मी त्यांचा हात धरून बसले. आधी गरम होता. मग कोमट. गार कधी झाला ते कळलंच नाही, कारण माझाच हात गार पडला होता. दुपारी एकदा वाटलं बोट हललं. मी भाऊंना हाक मारली. ते म्हणाले, पंख्याचा वारा आहे वहिनी.

तुम्ही विचारता, नक्की गेले होते का. ताई, मला माहीत नाही.

मी बायजाबाईंकडे जाऊन आले. ओटा बघितला. ज्या तांब्याने पाणी दिलं तो त्यांनी दाखवला. हर्षित तिथे गेलाच नव्हता, ड्रायव्हरला विचारलं मी. आपण बुद्धाची माणसं, भूतखेत आपल्यात मानत नाहीत, त्यामुळे हे कोणाजवळ बोलायचीसुद्धा सोय नाही. पण दुपारी त्यांना पाणी हवं असेल तर? बाहेर कोणाला दिसले असतील, आणि इथे मी जवळ बसून त्यांच्या ओठाला थेंबसुद्धा लावला नसेल तर? जिवंत माणसालाच तहान लागते ना, ताई?

भिंतीपलीकडे आत्ता हर्षित आहे. ऑफिसला जात नाही. ते जॅकेट अंगातून काढत नाही. खालून कोणी "जयभीम साहेब" ओरडलं की गॅलरीत जाऊन हात वर करतो, अगदी ह्यांच्यासारखा. कोपर पुलावर बॅनर लागलाय, "साहेबांचा अखेरचा जयभीम", त्यावर काचेतून बाहेर आलेला हात आहे. लोक त्याला नमस्कार करतात. तो माझ्या मुलाचा हात आहे.

भाऊ म्हणतात, पोटनिवडणुकीला हर्षितला उभा करू. मी हर्षितला विचारलं. तो म्हणाला, "भाऊ म्हणतील तसं."

शालन

———

बाळकुम
१० डिसेंबर

शालन,

पत्र दोनदा वाचलं. तुला क्षमा वगैरे करणारी मी कोण, आणि आज ते जमणारही नाही. माझा भाऊ एक अख्खा दिवस घरात पडून होता आणि मला त्याला रडता आलं नाही. ते माझ्या मनातून जाईल तेव्हा जाईल.

पण तू जिवंत माणसाला पाणी दिलं नाहीस, हे मी मानत नाही. आणि मानत नाही असं नुसतं म्हणून तुझं समाधान होणार नाही, हेही मला कळतं.

हर्षितला माझ्याकडे पाठव. त्याला काही समजावू नकोस. आत्याचा गुडघा दुखतो, महेंद्र दिवसभर कामावर असतो, सोबतीला कोणी हवं, असं सांग. ते खरंही आहे. जॅकेट घालून आला तरी चालेल.

ताई

———

कोपर
१९ जानेवारी

प्रिय ताई,
जयभीम.

हर्षित तुमच्याकडे जेवतो, तुम्हाला भाजी आणून देतो, पण बोलत नाही, असं तुम्ही मागे लिहिलंत. माझ्याशीही फोनवर "हो, बरंय" एवढंच. देवरामभाऊ तिकडे येऊन त्याचा होकार घेऊन गेले, हेही कळलं.

काल इथे मैदानात सभा होती. हर्षितचं नाव जाहीर करणार होते. त्याला नंतर मिरवणुकीने आणायचं ठरलेलं. मला स्टेजवर ह्यांच्या फोटोशेजारी बसवलं. खुर्चीवर बसून मी समोर बघत होते. चाळीतल्या त्याच बायका पुढे बसलेल्या, पोरं मांडीवर घेऊन. भाऊ म्हणाले, वहिनी, दोन शब्द बोला, फक्त आशीर्वाद मागा.

मी माइक घेतला आणि सांगितलं. हे सकाळीच गेले. तुम्ही मत देत होतात तेव्हा ते घरात पडलेले होते आणि मी शेजारी बसले होते. गाडीतला हात ह्यांचा नव्हता, माझ्या मुलाचा होता. आम्ही डॉक्टर संध्याकाळी आणला. सकाळीच आणला असता तर काय झालं असतं मला माहीत नाही, आणि मरेपर्यंत माहीत होणार नाही. माझ्या मुलाला मत देऊ नका. त्याला घरी येऊ द्या.

मागे कोणीतरी घोषणा द्यायला लागला, अमर रहे, अमर रहे. त्याला दोघातिघांनी साथ दिली. मग तेही थांबलं. पुढची एक बाई उठून उभी राहिली. रागावलेली नव्हती ताई, नुसती गोंधळलेली. म्हणाली, "मग आम्ही मत दिलं कोणाला, वहिनी?"



भाऊंनी माइक बंद केला. स्टेजच्या पायरीवर बसून राहिले, चप्पल न घालताच. लोक गुपचूप उठून गेले. आज सकाळपासून दारात कोणी नाही. खालच्या पानवाल्याने तोंड फिरवलं. दोन बायका म्हणाल्या, वहिनींचं डोकं फिरलंय. कोणी सरकारात तक्रार केली तर मी जबाब देईन, घाबरत नाही. कोणीतरी मोबाईलवर शूटिंग केलंय, ते सगळीकडे फिरतंय म्हणतात. हर्षितपर्यंतही पोचलं असेल. त्याला सांगा, आईने त्याला तोंडघशी पाडायला नाही केलं हे.

एवढं बोलूनसुद्धा हलकं वाटलं नाही. त्या हाताचा कोमटपणा तसाच आहे माझ्या हाताला.

शालन

———

बाळकुम
२० जानेवारी

प्रिय शालन,

आज सकाळी हर्षित मोबाईल घेऊन माझ्यासमोर येऊन बसला. पडद्यावर तू होतीस, हातात माइक. मला ऐकू काही आलं नाही, पण तुझ्या पत्रावरून कळलं. त्याने ते परत परत लावलं. मग माझ्याकडे बघून काहीतरी बोलला.

तुला माहीत आहे, कानातलं यंत्र घातलं तरी हळू बोललेलं मला कळत नाही. मी म्हटलं, मोठ्याने बोल. तो पुन्हा बोलला. मला "आई" एवढंच समजलं. मी म्हटलं, अजून मोठ्याने. त्याने मान हलवली, उठून जायला लागला. मी त्याचा हात धरला. म्हटलं, "हर्षित, मी बहिरी आहे रे, मला ओरडून सांग."

मग तो ओरडला. "आत्या, आईला वाटतंय बाबा जिवंत होते!"

आणि मग थांबेना. सगळं ओरडूनच सांगितलं त्याने, उभा राहून, जसं मला ऐकू यावं तसं. तू रांगेत होतीस तेव्हा कुंडलिक पलंगावरून उठायला गेला आणि खाली पडला. घरात हर्षित एकटा होता. ऑफिसात त्यांना आग लागली तर काय, कोणी कोसळलं तर काय करायचं ते शिकवलेलं होतं. त्याने बापाला जमिनीवर सरळ केलं आणि छाती दाबायला लागला. एका हाताने फोन करत होता, ॲम्ब्युलन्स लागत नव्हती, मग देवरामला लागला. देवराम येईपर्यंत तो दाबत होता. देवराम आल्यावरही दाबत होता. "बरगडी मोडलेली कळली मला आत्या, हाताखाली मोडली! तरी मी थांबलो नाही! ते माझ्याकडे बघत होते आणि मग बघत नव्हते! नाडी बघितली, श्वास बघितला, परत दाबलं, परत बघितलं! देवरामकाकांनी मला ओढून बाजूला केलं! बाबा गेले होते, आत्या, आई यायच्या खूप आधी गेले होते!"

मी विचारलं, आईला का नाही सांगितलंस? तो म्हणाला, "काय सांगू? की मला नाही जमलं?" आणि मग म्हणाला, वाचवता आलं नाही, निदान जिंकवता तरी यावं, असं वाटलं. त्याच्या हातांना त्या दिवशी दुसरं काहीच काम उरलं नव्हतं, म्हणून तो हात हलवत राहिला. तुझ्याकडे बघितलं असतं तर त्याला गाडीत बसता आलं नसतं.

तू म्हणालीस, डोळ्यांत टिपूस नव्हता. शालन, तो रडला. बाप गेल्यापासून आज पहिल्यांदा. शेजारची विनिता धावत आली, वरच्या मजल्यावरचे आले, कोणीतरी पाणी आणलं. त्यांना वाटलं आमच्याकडे आज कोणीतरी गेलं. मी म्हटलं, हो, माझा भाऊ गेला. मग मीही रडले. ती बायामाणसं काही न विचारता आमच्याजवळ बसून राहिली.

बायजाबाईंच्या ओट्यावर कोण बसलं होतं ते मला माहीत नाही, आणि ते शोधत मी जाणार नाही. तूही जाऊ नकोस. पण एवढं पक्कं धर. तू ज्याचा हात धरून बसलीस तो गेलेला होता. त्याला तहान नव्हती. तो एकटाही गेला नाही. त्याचा मुलगा त्याच्या छातीवर वाकलेला होता.

मी तुझ्यावर रागावलेली आहे आणि अजून काही दिवस राहीन. तरी येत्या पौर्णिमेला इकडे ये, वंदना माझ्याकडे घेऊ.

हे पत्र भगवान आणत नाही. हर्षित आणतोय. तो दारात उभा असेल आणि तू हे वाचून होईपर्यंत आत येणार नाही, असं मला म्हणाला आहे. तेव्हा आता कागद खाली ठेव.

तुझी
ताई